टावरवरूनच येते

शंभर घरं लागणार होती. डिश नाही, केबल नाही, छपरावरच्या साध्या अँटेन्यावर अजूनही सेनगाव केंद्राचं चित्र बघतात अशी शंभर घरं. त्यांची नावं सह्यांसकट वीस डिसेंबरपर्यंत मिळाली, तर बंद करायच्या केंद्रांच्या यादीतून सेनगाव वगळावं असं विभागातले साहेब वर लिहिणार होते. नाही मिळाली, तर एकतीस तारखेला सकाळी दहा वाजता प्रक्षेपक कायमचा बंद.

रामकिशन कावरखे यांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तीन तारीख होती.

"काय म्हणले साहेब?" हरिचंदनं विचारलं. हरिचंद मूळचा केंद्राचा पहारेकरी. पण आता केंद्रात दोघंच उरले होते, त्यामुळे जनरेटर तोच चालवायचा, चहाही तोच करायचा आणि रामकिशन रजेवर असले तर मीटरचे आकडेही तोच लिहून ठेवायचा.

"शंभर घरं दाखवा म्हणले."

"अन् नव्याण्णव निघाले तर?"

"तू नव्याण्णव तरी काढ आधी."

हरिचंद हसला, पण खिडकीतून बाहेर बघत हसला. बाहेर माळ होता, माळावर तीस मीटरचा लोखंडी मनोरा, आणि त्याच्या पायाशी कुंपणाला लागून कुणाची तरी दोन वासरं चरत होती.

केंद्र सुरू झालं तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा झाला नव्हता. पाकिटावर पत्ता परभणीचा लिहावा लागायचा. रामकिशन तेव्हा एकतीस वर्षांचे. कर्मचारी सात, तीन पाळ्या. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम थाळीनं झेलायचा आणि शंभर वॅटच्या प्रक्षेपकातून चौफेर सोडायचा, एवढंच काम. शंभर वॅट म्हणजे घरातल्या एका मोठ्या बल्बाची शक्ती. बघायला आलेल्या शाळकरी पोरांना रामकिशन सांगायचे, "एक बल्ब तीस मीटरवर धरला तर त्याचा उजेड पंधरा किलोमीटरवर पोचतो. फक्त तिकडं बघणारा डोळा पाहिजे. तुमच्या छपरावरचा अँटेना म्हणजे तो डोळा."

त्या वेळी डोळे पुष्कळ होते. बांबूला, लोखंडी पाइपाला, निंबाच्या शेंड्याला बांधलेले अँटेने गावोगाव सेनगावकडे तोंड करून उभे असायचे. परका माणूस वाट चुकला तर अँटेन्यावरून त्याला सेनगावची दिशा कळावी, असे. वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला तीन मिनिटं लागली, तर चौथ्या मिनिटाला फोन. लोक सायकलवर येऊन तक्रारी सांगायचे. "टावरवाले, आमच्याकडं नुसत्या मुंग्या येऊन राहिल्या." "टावरवाले, चित्र फिरून राहिलं." "एका माणसाचे दोन दिसतात, काहून?" रामकिशन कागदावर घर काढायला लावायचे, झाड कुठं, विहीर कुठं, आणि अँटेना किती बोटं वळवायचा ते सांगायचे. सायकलवाला जायचा, अँटेना वळवायचा आणि दुसऱ्या दिवशी शेंगा घेऊन यायचा.

आडनावानं त्यांना गावात फारसं कुणी ओळखत नव्हतं. ते टावरवाले होते. दोनदा बढती आली, ती दुसऱ्या जिल्ह्यात होती म्हणून त्यांनी घेतली नाही. मग पत्र्यांवर डिशच्या छत्र्या आल्या. छत्र्यांची तोंडं सेनगावकडे नव्हती. त्या सगळ्या दक्षिणेच्या आकाशाकडे बघायच्या. सातातले दोघं निवृत्त झाले, तिघांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. फोन कमी होत गेले. शेवटचा फोन कधी आला होता हे रामकिशन यांनी एकदा नोंदवहीत शोधलं. सात वर्षं झाली होती. तोही चुकीचा लागलेला होता, कुणाला तरी दवाखाना पाहिजे होता.

तरी प्रक्षेपक चालू होता. रोज सकाळी सहाला सुरू, आणि रामकिशन यांच्या हातात होतं तोवर एक मिनिटही उशीर नाही. शंभर घरं असतीलच, असा त्यांचा हिशेब होता. पंधरा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कमीत कमी साठ गावं, वाड्या, तांडे. प्रत्येकात दोन गरीब घरं धरली तरी झालं.

"त्या शंभरात आपलं घर धरू नका बरं का," आशाबाई म्हणाल्या. घरी डिश त्यांनीच बसवून घेतली होती, आठ वर्षांपूर्वी, नवरा ड्युटीवर असताना.

"तुमाला कुणी विचारलं?"

"न्हाई, सांगून ठेवते. उद्या सही घ्यायला माझ्यापुढं कागद धराल."

फॉर्म रामकिशन यांनी स्वतः तयार केला. एक दिवस त्यातच गेला. हरिचंदचं म्हणणं, "सरकारी चॅनल दिसतो का, असं लिवा. लोकायला कळंल."

"सरकारी चॅनल डिशवर बी दिसतो. सगळे 'व्हय' म्हणतील अन् आपल्या काही कामाचं न्हाई. सवाल असा पाहिजे की आपलं सोडून दुसरं काही त्यात बसलंच न्हाई पाहिजे."

प्रयोगात मोजायची गोष्ट एकच राहील आणि बाकीच्या सगळ्या बाजूला होतील, अशी मांडणी करायची, हे ते पदविकेला असताना शिकले होते. 'लघुशक्ती प्रक्षेपक' हा शब्द कुणाला कळणार नव्हता. लोकांच्या तोंडी आपल्या केंद्राला एकच नाव होतं आणि ते दुसऱ्या कशालाही नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'सेनगाव भागातील टावरचे चित्र आपल्याकडे येते काय? (डिश किंवा केबलवरून नव्हे.) कसे येते? काही तक्रार असल्यास लिहावी.' खाली नाव, गाव, सही किंवा अंगठा.

पाचशे प्रती काढून त्यांनी त्या शाळांमधून वाटल्या. बहुतेक गावांत त्यांच्या ओळखीचे मास्तर होते. साखऱ्याच्या पुढच्या तांड्यावर योगेश सर होते, त्यांनी तर फोनवरच सांगितलं, "काका, टावरचा विषय ना? लोक स्वतःहून येऊन सह्या करतील, तुमी फक्त कागद पाठवा."

रामकिशन यांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी ते आशाबाईंना जेवताना दोनदा सांगितलं.

फॉर्म चौदा तारखेपासून यायला लागले. पहिल्याच गठ्ठ्यात एकोणीस 'होय'. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस. सोळा तारखेला एकशे सव्वीस झाले. हरिचंदनं मोजून पाहिले, मग उलट बाजूनं मोजले, मग आपल्या पैशांनी पेढे आणले.

पण रामकिशन यांचं लक्ष आकड्यापेक्षा तक्रारींकडे होतं. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणी तक्रारी लिहून पाठवल्या होत्या. ते टेबलाशी बसून एकेक वाचायचे आणि समासात पेन्सिलनं कारण लिहायचे.

'चित्र फिरत राहते.' टीव्हीतलं उभं स्थिरीकरण बिघडलंय. मागची कळ फिरवावी.

'गच्चीवर गेलं तर येते, घरात येत नाही.' छपराचं लोखंड लहरी अडवतं. अँटेना वर घ्यावा.

'सकाळी बरे येते, सायंकाळी येत नाही.' सायंकाळी कृषिपंप चालू होतात, विजेचा दाब उतरतो.

'पाऊस असला की जाते.' वायरीच्या जोडात पाणी शिरतं, टेप गुंडाळावी.

'येते पण मधेच अडकते. टावरवरूनच येते, दुसरे काही नाही.'

हे शेवटचं वाक्य त्यांनी हरिचंदला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघ. टावरवरूनच येते. लोक सोडून गेले म्हणत व्हता तू."

"मी कुठं म्हणलो? तुमीच म्हणत व्हते."

त्याच दुपारी त्यांनी विभागात फोन करून आकडा सांगितला. साहेब मनापासून खूश झाले. म्हणाले, "कावरखे, कमाल केली तुम्ही. बाकीच्या केंद्रांतून कुणी दहा पाठवले नाहीत. वीस तारखेच्या आत फॉर्म टाका, पुढचं मी बघतो."

एकच फॉर्म कशात बसत नव्हता. साखऱ्याच्या पुढच्या तांड्यावरचा, धर्मसिंग राठोड यांच्या नावाचा. अक्षर शाळकरी, वळणदार. 'चित्र येते. पण माणूस आधी बोलतो आणि आवाज मागून येतो.'

रामकिशन यांनी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. असं होऊ शकत नव्हतं. चित्र आणि आवाज एकाच मनोऱ्यावरून, एकाच वेळी, प्रकाशाच्या वेगानं निघतात. तांड्यापर्यंत पोचायला त्यांना सेकंदाचा वीस हजारावा भागही लागत नाही. चित्र खराब होईल, आवाज खराब होईल, पण एक पुढं आणि एक मागं, हे घरच्या टीव्हीत घडायला जागाच नव्हती. दोष केंद्राच्या थाळीकडे असेल म्हणून त्यांनी केंद्रातल्या टीव्हीसमोर बसून दोन तास बातम्या देणारीचे ओठ बघितले. ओठ आणि शब्द बरोबर जुळत होते.

"एकशे पंचवीस पाठवा की," हरिचंद म्हणाला. "एक फाडून टाका."

"फाडायचं काहून? कारण न्हाई कळलं म्हणून?"

"मंग काय करता?"

"जाऊन बघू."

सतरा तारखेला सकाळी ते हरिचंदच्या मोटारसायकलवर निघाले. मांडीवर पिशवीत तपासणीचा लहान, बॅटरीवर चालणारा टीव्ही, हातात उभा धरलेला अँटेना, गळ्यात वायरीचं भेंडोळं. फाट्यावर जीपची वाट बघणारा एक जण ओरडला, "काका, कंगवा लई मोठा घेतला!" हरिचंद मागं वळून म्हणाला, "तुझ्या बायकोनं मागवला." रामकिशनही हसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. फार दिवसांनी ते कुणाची तरी तक्रार दुरुस्त करायला निघाले होते.

तांड्यावर धर्मसिंग राठोडांचं घर विचारताच एक मुलगी ओट्यावरून उठून आली. बारावीत असेल. तिनं अँटेना पाहिला, पिशवी पाहिली आणि आत वळून हाक मारली, "दादा! टावरवाले आले!" आजोबांना ती दादा म्हणत होती.

किती तरी वर्षांनी कुणी घराच्या दारातून अशी हाक मारली होती. रामकिशन यांनी नकळत शर्ट सारखा केला.

धर्मसिंग सत्तरीचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी खाट झटकून टाकली. त्यांची बायको शकुंतलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. बघता बघता दहाबारा माणसं जमली. सगळ्यांचे चेहरे खुललेले.

"परवा सही घेतली अन् आज माणूस बी आला!" शकुंतलाबाई म्हणाल्या. "सरकार असं कवापासून चालून राहिलं?"

"आमी सरकारचेच, पण जरा जुने," रामकिशन म्हणाले. लोक हसले. "तुमच्या फॉर्मात लिवलंय, आवाज मागून येतो. ते बघाया आलो. अँटेना कुठं बांधलाय?"

एकानं पत्र्याकडे पाहिलं, म्हणून बाकीच्यांनीही पाहिलं. पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या होत्या.

"अँटेना आतच असते की, काका," ती मुलगी म्हणाली. तिचं नाव कोमल. फॉर्म तिनंच भरला होता. "तुमी चित्र बघता का? या इकडं. घरात न्हाई येत, झाडाखाली येतं."

ती पुढं आणि रामकिशन मागं. घरामागं निंबाचं झाड होतं. झाडावर बांबू असेल, वायर फांदीवरून गेली असेल, म्हणजे पाऊस आला की फांदी ओली होते, असं ते चालता चालता जुळवत होते. झाडाखाली एक बाज होती. खालच्या फांदीला सुतळीनं एक प्लास्टिकची पिशवी टांगली होती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. पिशवीत मोबाइल होता.

"इथंच तेवढा टावर असतो," कोमल म्हणाली. "जरा बी हलवला की जातो. माझे सगळे तास मी इथं उभी राहून करते." तिनं पिशवीवरूनच बोट फिरवलं. पडद्यावर एक पांढरं वर्तुळ आलं आणि गोल गोल फिरायला लागलं. "हे बघा. हेच लिवलंय सगळ्यांनी. फिरत राहतं."

वर्तुळ फिरत राहिलं. मग एक मास्तर दिसले. ते फळ्यापाशी उभे राहून काहीतरी म्हणाले, ओठ मिटले, वळले. आणि मग त्यांचा आवाज आला.

रामकिशन यांना पहिल्यांदा वाटलं ते समाधान. कारण सापडलं होतं. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या तुकड्यांतून येतात, वाटेत थांबतात, एक आधी पोचतं. सोपं होतं. ते समाधान जेमतेम एक श्वासभर टिकलं. मग त्यांना बाकीचे एकशे पंचवीस फॉर्म एकामागून एक आठवायला लागले. गच्चीवर गेलं तर येते. सकाळी बरे येते. पाऊस असला की जाते. अडकते. प्रत्येकापुढं त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, पेन्सिलनं लिहिलेलं कारण होतं, आणि प्रत्येक कारण शास्त्रानुसार अगदी बरोबर होतं.

"टावर म्हणजे..." ते म्हणाले.

"मोबाइलचा, काका. आपल्याकडं टावर लई कमी हाये ना."

माणसं मागं येऊन उभी राहिली होती. धर्मसिंगांनी विचारलं, "साहेब, किती दिवस लागतील?"

"कशाला?"

"टावर वाढवायला."

रामकिशन यांनी हरिचंदकडे पाहिलं. हरिचंद झाडाचा शेंडा बघत होता.

"मी त्या टावरचा न्हाई, बाबा," रामकिशन म्हणाले. "मी टीव्हीच्या टावरचा. सेनगावच्या माळावरच्या."

हे ऐकून तरुण मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. दोघांतिघांनी आपसात गोरमाटी बोलीत काही विचारलं. धर्मसिंगांना मात्र थोड्या वेळानं आठवलं, आणि त्यांच्या तोंडावर खरा आनंद आला. खूप दिवसांपूर्वी परगावी गेलेल्या माणसाची खबर कळावी तसा.

"ते व्हय! माळावरचं! त्याच्यासाठी माझ्या बापानं बांबू आणला व्हता, चाळीस फुटी. शकुंतला, तुला याद हाये का? रविवारी अख्खा तांडा आपल्या दारी बसायचा." मग ते थांबले. "ते अजून चालू हाये?"

रामकिशन बाजेवर बसले आणि पिशवीतून टीव्ही काढला. काहून काढला, हे हरिचंदनं नंतर विचारलं तेव्हा त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी अँटेना सेनगावकडे धरला, दोन बोटं डावीकडे वळवला आणि वायर जोडली.

चित्र आलं. काचेसारखं स्वच्छ, एक मुंगी नाही. एक बाई तुरीवरच्या अळीची माहिती सांगत होती आणि ओठांबरोबर शब्द येत होते. निंबाखाली सगळे पुढं वाकून बघायला लागले. असं साधारण एक मिनिट.

"अडकत न्हाई बघ," कोणीतरी म्हणालं.

"पण याला मागं कसं न्यायचं?" कोमलनं विचारलं. "अळीचं नाव हुकलं."

"मागं न्हाई जात."

"मंग माझा गणिताचा तास याच्यावर लागंल का?"

"न्हाई. जे येतं तेच बघायचं."

तिनं मान डोलावली. समजूतदार मुलगी होती. तिनं वाईट काही म्हटलं नाही. "छान दिसतं पण," म्हणाली, आणि तिचा तास चालू होता म्हणून पिशवीकडे वळली. माणसं एकेक करून निघाली. कापूस वेचायचा होता. टावरवाले आले म्हणून जी दोन घरं शेतातून बोलावली होती, त्यांची माणसं जरा रागानंच गेली.

धर्मसिंग तेवढे बसून राहिले. "साहेब, तुमाला माझी सही पाहिजे व्हती ना? ठिवा तशीच. मी पाहतो म्हणून लिवा."

"पाहाल का खरंच?"

म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. "आता घरात टीव्ही न्हाई. पोरानं मोडीत घातला. अन् नजर बी गेली. पण लिवा तुमी. माझ्या एका नावानं तुमचं काम व्हत असंल तर मला काय तकलीफ?"

ते परत निघाले. साखरा ओलांडल्यावर हरिचंद म्हणाला, "साहेब, फॉर्म खोटे थोडेच हायेत. तुमी इचारलं, टावरचं चित्र येतं का. लोकायनं लिवलं, येतं. सवाल बी खरा, जवाब बी खरा. सह्या बी खऱ्या. देऊ टाकून."

रामकिशन यांच्या हातातला अँटेना वाऱ्यानं थरथरत होता. हरिचंदच्या बोलण्यात चूक दाखवायला त्यांना काही सापडेना. त्यांनी इतकंच म्हटलं, "अजून तीन दिवस हायेत."

त्या तीन दिवसांत ते पुन्हा गावोगाव फिरले. या वेळी फॉर्म नव्हते. ते फक्त छपरं बघत होते. कनेरगाव नाक्यापर्यंत गेले, जे त्यांच्या वर्तुळाच्या खरं तर बाहेर होतं. एकूण नऊ अँटेने सापडले. एकावर दोडक्याचा वेल चढवला होता. एकाला दोरी बांधून लुगडी वाळत घातली होती. एका ढाब्यावर मालकानं त्याला रंगीत दिव्यांची माळ गुंडाळली होती. 'शोभेला ठिवला,' म्हणाला. एका घरी सोजराबाई नावाच्या म्हातारीनं वायर आत जाते म्हणून मोठ्या हौसेनं दाखवली. वायर भिंतीतून आत येत होती आणि खिळ्याला गुंडाळून संपत होती. टीव्हीला जोडलेला एकही नव्हता.

वीस तारखेला सकाळी त्यांनी कोरा कागद घेतला. 'प्रत्यक्ष पाहणी केली. प्राप्त एकशे सव्वीस अर्ज भ्रमणध्वनी सेवेसंबंधी असून प्रश्नातील "टावर" या शब्दामुळे गैरसमज झाला. प्रश्न मी तयार केला होता. अँटेन्याद्वारे कार्यक्रम पाहणारी घरे: निरंक.' निरंक हा सरकारी शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला होता. अपघात: निरंक. चोरी: निरंक. तो नेहमी बरा शब्द असायचा.

पाठवण्याआधी त्यांनी साहेबांना फोन केला. सगळं क्रमानं सांगितलं.

"कावरखे, फॉर्म तसेच टाकायचे ना. तुम्हाला काय वाटतं, तांड्यावर जाऊन कोण बघणार होतं?"

"मी गेलो व्हतो ना, साहेब."

"तुम्ही गेलात. पण दुसरं कुणी गेलं नसतं. निवृत्तीपर्यंतची तुमची दोन वर्षं तिथंच निघाली असती." साहेब रागावले नव्हते, थकलेले होते. "आता तुम्ही मला सांगितलं. आता मला माहीत आहे. आता मी काय लिहू?"

"निरंक लिहा."

संध्याकाळी आशाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी नेहमीसारखं काही टोचून म्हटलं नाही, आणि तेच रामकिशन यांना सोसवलं नाही. "बोला की," ते म्हणाले. "काय बोलू?" त्या म्हणाल्या, आणि भाकरी थापत राहिल्या.

आदेश सत्तावीस तारखेला आला. रामकिशन यांची बदली शेजारच्या जिल्ह्यातल्या रेडिओ केंद्रावर. हरिचंद कंत्राटी होता. त्याचं नाव आदेशात कुठंच नव्हतं.

एकतीस तारखेला दोघंही सहाला आले. प्रक्षेपक वेळेवर सुरू केला. बंद करायला विभागातून कुणीतरी येईल असं रामकिशन यांना वाटत होतं, पण साडेनऊला फोन आला की गाडी नाही, तुम्हीच करून घ्या. दहाला त्यांनी शक्ती हळूहळू खाली आणली, मग मुख्य कळ खाली ओढली. केंद्रातल्या टीव्हीवर एक गायक तोंड उघडून होता. तो गेला आणि मुंग्या आल्या. थंड करणारा पंखा नियमाप्रमाणे दहा मिनिटं चालू ठेवला. तो थांबल्यावर खोलीत जी शांतता झाली ती हरिचंदला सहन होईना. तो बाहेर जाऊन वासरं हाकलून आला.

"चला साहेब. कुलूप लावू."

"ड्युटी दोन वाजेपर्यंत हाये."

"आता कशाची ड्युटी?"

रामकिशन यांनी नोंदवही पुढं ओढली. दर तासाला तीन रकाने भरायचे असतात: मनोऱ्याकडे गेलेली शक्ती, मनोऱ्याकडून परत आलेली शक्ती, आणि शेरा. अकरा वाजता त्यांनी मीटरसमोर उभं राहून दोन्ही काटे बघितले. न बघता लिहिता आलं असतं. गेलेली: शून्य. परत आलेली: शून्य. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'यंत्रात दोष नाही.'

बारा वाजता तेच लिहिलं. एक वाजता तेच. दोनला हरिचंद दारात किल्ल्या घेऊन उभा होता, तेव्हा त्यांनी पुन्हा उठून काटे बघितले, खाली बसले, आणि चौथ्यांदा लिहिलं, 'यंत्रात दोष नाही.' मग खाली सही केली, वेळ घातली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.